बॅगेतलं औषध आणि बाबांची कावीळ



संपादकांना मी या अंकासाठी आयसा आणि पेन्शन या विषयावर लेख देण्याचं कबूल केलं होतं. तो निम्मा लिहूनही झाला होता. पण मे ते ऑगस्ट या काळात आमच्या घरी जे घडलं त्यानंतर तो लेख बाजूला ठेवला आणि हा लिहायला घेतला. मी डॉक्टर नाही. इंजिनियरिंगची पदवी घेतलेला आणि दिवसभर प्रोग्राममधल्या चुका शोधत बसणारा साधा सॉफ्टवेअरवाला आहे. तेव्हा हे वाचून कोणीही चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये किंवा नवं सुरू करू नये, ते काम डॉक्टरांचं. मला लिहायचं आहे ते आपल्या बॅगांबद्दल.

भारतातून परत येताना आपल्या बॅगेत काय काय असतं हे मी सांगायला नको. गोडा मसाला, भाजणी, मुलांसाठी पुस्तकं आणि एक प्लॅस्टिकचा डबा. त्या डब्यात क्रोसिन, डोलो, जुलाबाच्या गोळ्या, बाम, आणि तळाशी रबरबँड लावून ठेवलेल्या अँटिबायोटिकच्या दोन-चार स्ट्रिपा. ऑगमेंटिन, मॉक्सिकाइंड-सीव्ही, अ‍ॅझिथ्रल. "असू दे, तिकडे डॉक्टर काही देत नाहीत" असं म्हणून कोणीतरी प्रेमाने दिलेल्या. आमच्याकडेही असा डबा होता. स्वयंपाकघरातल्या वरच्या फडताळात, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. आमची सौ. त्याला 'दवाखाना' म्हणते.

आईबाबा मे महिन्यात चार महिन्यांसाठी मिल्टन कीन्सला आले. बाबा सदुसष्ट वर्षांचे, चिंचवडला राहणारे, थोडं ब्लडप्रेशर सोडलं तर ठणठणीत. निघण्याच्या आठवड्यात त्यांची दाढ दुखू लागली. तिथल्या डेंटिस्टने ऑगमेंटिन ६२५ ची दहा गोळ्यांची स्ट्रिप लिहून दिली, दिवसातून दोन. दाढ शांत झाली. दुकानदाराने "परदेशी चाललाय, जास्तीच्या घेऊन ठेवा" म्हणून आणखी स्ट्रिपा दिल्या होत्या. इथे आल्यावर दाढ पुन्हा ठणकली तेव्हा बाबांनी आम्हाला न सांगता दुसरी स्ट्रिप संपवली आणि आठवड्याभराने तिसरी अर्धी. म्हणजे मोडूनतोडून साडेबारा दिवसांचं औषध झालं. दाढ थांबली. विषय संपला, असं त्यांना वाटलं.

शेवटच्या गोळीनंतर साधारण दोन आठवड्यांनी त्यांची भूक गेली. रोज रेडवेवरून विलेनच्या तळ्यापर्यंत आणि तिथल्या शांती पॅगोडापर्यंत चालत जाणारे बाबा सोफ्यावर पडून राहू लागले. मग अंगाला खाज सुटली. इथल्या कोरड्या हवेने सुटली असेल म्हणून आईने खोबरेल तेल लावलं. लघवी गडद, चहाच्या रंगाची होऊ लागली. त्यावर निष्कर्ष निघाला की पाणी कमी पितात, उष्णता झाली आहे. आईने धन्याचं पाणी सुरू केलं. माझ्या एका मावशीने फोनवरून गुळवेलीचा काढा सुचवला आणि योगायोगाने तीही पावडर 'दवाखान्यात' होतीच. मी काय करत होतो? मी ऑफिसच्या रिलीजमध्ये होतो.

डोळे पिवळे दिसतायत हे आमच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या लक्षात आलं. "आजोबांचे डोळे पिवळे झालेत" हे तिने जेवताना सहज सांगितलं.

आता कबुलीजबाब. त्यानंतरही आम्ही चार दिवस घालवले, आणि त्याचं कारण पैसा हे होतं. बाबा पाहुणे म्हणून आलेले. इथे सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांकडून आरोग्य अधिभार घेतला जात नाही, पण त्यामुळे हॉस्पिटलचा खर्च त्यांनाच भरावा लागतो, आणि तोही एनएचएसच्या दराच्या दीडपट. हे मला ठाऊक होतं. त्यांचा प्रवासी विमा काढला होता, पण बऱ्याच पॉलिसींप्रमाणे त्यातही 'आधीपासूनचे आजार' वगळलेले होते, आणि कावीळ कशात धरतील याचा मला अंदाज येईना. मी रात्री बसून पॉलिसीची बारीक अक्षरं वाचत होतो. जे मला ठाऊक नव्हतं, किंवा घाईत आठवलं नाही, ते हे की जीपीला दाखवणं पाहुण्यांनाही मोफत असतं. तात्पुरता पेशंट म्हणून नाव नोंदवता येतं. ए अँड ई मधली तपासणीही मोफत असते, बिल सुरू होतं ते दाखल केल्यावर किंवा बाह्यरुग्ण विभागात पाठवल्यावर. हे सदर आरोग्याचं आणि अर्थाचं एकत्र का असतं असा प्रश्न मला पूर्वी पडायचा. त्या चार रात्रींत उत्तर मिळालं.

जीपी बाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला: गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठलं नवीन औषध? बाबा म्हणाले, "नाही." मीही म्हणालो, "नाही." आम्ही खोटं बोलत नव्हतो. बाबांच्या दृष्टीने औषध म्हणजे रोजची ब्लडप्रेशरची गोळी. दाढेची गोळी ही दाढेची, ती केव्हाच संपली. आणि काढा तर औषध नव्हेच, तो घरचा.

भारतातून आलेला माणूस, कावीळ झालेली, त्यामुळे साहजिकच त्यांनी हिपॅटायटिस ए आणि ई च्या तपासण्या सांगितल्या. त्या निर्दोष आल्या. मग पित्ताशयात खडे आहेत का हे बघायला सोनोग्राफी (तिचे पैसे भरावे लागले). खडे नव्हते. वयाच्या मानाने पुढची शंका कोणती घेतात हे मी इथे लिहीत नाही, पण ती ऐकून आई दोन रात्री झोपली नाही.

रिपोर्टात बिलिरुबिन १४० आलं. मी तो आकडा पुण्याच्या चुलतभावाला कळवला. तो डॉक्टर नाही, पण घरात दोन डॉक्टर आहेत. तिकडून अर्ध्या तासात सात फोन. कारण भारतात बिलिरुबिन मिलिग्रॅममध्ये मोजतात, तिथे एकच्या आसपास नॉर्मल असतं, आणि १४० म्हणजे माणूस गेल्यातच जमा! इथे ते मायक्रोमोलमध्ये मोजतात, वीस-एकवीसपर्यंत नॉर्मल. इथल्या आकड्याला १७.१ ने भागलं की तिथला आकडा मिळतो. म्हणजे बाबांचं बिलिरुबिन भारतीय हिशोबात आठच्या थोडं वर होतं. काळजीचंच, पण सात फोनांइतकं नाही. हा १७.१ चा भागाकार आईवडील इकडे-तिकडे करणाऱ्या प्रत्येकाने डायरीत लिहून ठेवावा.

उलगडा झाला तो आईमुळे. बॅग आवरताना तिला ऑगमेंटिनच्या दोन रिकाम्या आणि एक अर्धी स्ट्रिप सापडली. बाबांनी त्या नीट घडी करून पाकिटात ठेवल्या होत्या, 'नाव लक्षात राहावं म्हणून'. मी फोटो काढून सर्जरीत पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच डॉक्टरबाईंचा फोन आला आणि त्यांच्या आवाजातून मला प्रथमच कळलं की त्याही काळजीत होत्या.

६२५ म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं. ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल. इथे याच गोळीला को-अमॉक्सिक्लाव्ह म्हणतात. काही जंतू अमॉक्सिसिलिनला तोडणारं रसायन बनवतात. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल त्या रसायनाला अडकवून ठेवतं आणि अमॉक्सिसिलिनला आपलं काम करू देतं. कल्पना फार सुरेख आहे, आणि ती याच देशातली. बीचम कंपनीच्या सरे परगण्यातल्या ब्रॉकहॅम पार्क प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी हे आम्ल सत्तरच्या दशकात एका जिवाणूपासून मिळवलं आणि १९८१ मध्ये ऑगमेंटिन ब्रिटनच्या बाजारात आलं. असंख्य लोकांचे प्राण या गोळीने वाचले आहेत. तेव्हा मी तिच्याविरुद्ध लिहितोय असं कोणी समजू नये.

पण लिव्हरच्या बाबतीत तिची वेगळी ओळख आहे, आणि तीही जुनी आहे. इथल्या औषध सुरक्षा समितीने नव्वदच्या दशकातच डॉक्टरांना कळवलं होतं की या औषधाने कावीळ होऊ शकते, गोळ्या चालू असताना किंवा संपल्यावर काही आठवड्यांनी. नुसत्या अमॉक्सिसिलिनपेक्षा हा धोका सुमारे सहा पट. पासष्टीच्या पुढच्यांना जास्त, पुरुषांना जास्त, मुलांना क्वचित. कोर्स सहसा चौदा दिवसांपेक्षा लांबवू नये. बाबा सदुसष्ट आणि पुरुष. हे वाचताना कोणीतरी आमच्या घरात डोकावून लिहिलं आहे असं वाटलं.

धोका किती? आइसलंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाहेरच्या बाहेर हे औषध घेणाऱ्या सुमारे २३५० जणांमागे एकाला लिव्हरची इजा आढळली. हा आकडा लहान आहे. पण गोळी इतक्या प्रचंड प्रमाणात खपते की एकूण बेरीज मोठी होते. अमेरिकेत अशा रुग्णांची नोंद ठेवणारं डॉक्टरांचं जाळं आहे. त्यांनी २०१५ मध्ये ८९९ रुग्णांचा आढावा छापला, त्यात एकट्या या औषधाचा वाटा सुमारे दहा टक्के होता, इतर कुठल्याही एका औषधापेक्षा जास्त.

हे होतं कसं, ते मी डॉक्टरबाईंना दोनदा विचारून समजून घेतलं. पॅरासिटामॉलने लिव्हर बिघडतं ते प्रमाण जास्त झाल्याने. ठरावीक मर्यादा ओलांडली की कोणाचंही बिघडेल. (म्हणूनच ब्रिटनने १९९८ पासून दुकानात एका पाकिटात सोळाच गोळ्या ठेवल्या. आणि म्हणूनच डोलो ६५० आणि इथल्या ५०० च्या गोळ्या आलटून पालटून खाणाऱ्यांनी बेरीज करावी.) ऑगमेंटिनचं तसं नाही. बरोबर प्रमाणात घेऊनही एखाद्याच्या शरीराची संरक्षण यंत्रणा लिव्हरलाच परकं समजते. मग लिव्हरमधून पित्तरस नीट वाहत नाही. आपण 'पित्त झालं' म्हणतो ते ॲसिडिटीचं, त्याचा इथे संबंध नाही. हा खरा पित्तरस. तो तुंबला की त्यातला पिवळा रंग रक्तात चढतो, डोळ्यांत दिसतो, लघवीतून जातो, शौचाचा रंग मात्र फिका पडतो, आणि त्वचेला खाज सुटते. म्हणजे खोबरेल तेल, धन्याचं पाणी आणि चहाचा रंग, तिन्हींचं मूळ एकच होतं. आम्ही तीन वेगवेगळे उपाय करत बसलो.

आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट बग कोणता? जो एका मशीनवर येतो, दुसऱ्यावर येत नाही, आणि चूक केल्यावर लगेच न दिसता तीन आठवड्यांनी दिसतो. हा अगदी तसला. बेल्जियममध्ये १९९९ साली आणि स्कॉटलंडमध्ये २००० साली असं दिसलं की या औषधाने कावीळ झालेल्यांत एका विशिष्ट जनुकाचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आहे. पण ते जनुक असलेल्या बहुतेकांना गोळी घेऊन काहीच होत नाही. त्यामुळे तपासणी करून आधी ओळखणं अजून जमत नाही. आणि म्हणूनच "मी पन्नास वेळा घेतली, मला काही झालं नाही" हा गणपतीच्या मांडवात मला ऐकवला गेलेला युक्तिवाद निरुपयोगी आहे. 'माझ्या मशीनवर तर चालतं' असं म्हणणाऱ्या प्रोग्रामरला आम्ही ऑफिसात जे उत्तर देतो ते इथे छापण्यासारखं नाही.

आता माझं मत.

आपल्या घराघरांतली ही तक्रार मी शंभरदा ऐकली आहे आणि स्वतःही केली आहे: इथले डॉक्टर काही देतच नाहीत, पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, आठवड्याने फोन करा. अपॉइंटमेंटसाठी सकाळी आठ वाजता फोन घेऊन बसण्याचा वैताग खरा आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण 'देत नाहीत' म्हणजे 'टाळतात' हे गणित मी आता सोडून दिलं आहे. बाबांच्या दाढेला मुळात उपचार हवा होता तो दाढेचा. आतला पू काढणं, रूट कॅनाल करणं किंवा दाढ उपटणं. गोळीची गरज पडली असती तरी इथे पहिली निवड साधी अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनची असते, क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची नाही. म्हणजे बाबांना ज्या १२५ मिलिग्रॅमने त्रास दिला, बहुधा त्याची गरजच नव्हती. डास मारायला तोफ लावली आणि भिंत पडली.

बाबांना मी दोष देत नाही. ते पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या परिसरात वाढले. १९५४ साली स्थापन झालेला तो कारखाना, तिथलं पेनिसिलिन, कामगारांची कॉलनी, हे सगळं त्यांच्या लहानपणाचं वैभव. त्यांच्या एका काकांचा पाय त्या इंजेक्शनांनी वाचला असं घरात सांगतात. ज्या पिढीने अँटिबायोटिकच्या आधीचं जग आईवडिलांच्या तोंडून ऐकलं आहे, तिचा या गोळीवर देवासारखा विश्वास असणारच. पण देवाला आपण रोज नवस बोलत नाही. दोष द्यायचाच तर चिठ्ठीविना स्ट्रिपा हातात ठेवणाऱ्या दुकानाला देईन. कायद्याने ही औषधं तिथेही चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

आणि थोडा दोष इथल्यांनाही. इथे हे औषध मिळतं तेव्हा डब्यात घडीचा कागद असतो, त्यात काविळीचा उल्लेख असतो, पण तो कागद वाचायला भिंग लागतं. पिशवी हातात देताना 'जेवणाबरोबर घ्या, कोर्स पूर्ण करा' एवढंच सांगतात. 'पुढचे सहा-आठ आठवडे डोळे पिवळे किंवा लघवी गडद वाटली तर लगेच कळवा' हे एक वाक्य पासष्टीच्या पुढच्या प्रत्येकाला तोंडी सांगितलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. त्याला दहा सेकंद लागतात. प्रिस्क्रिप्शनच्या डब्यावर 'दारू टाळा' असं चिकटवता येतं तर हेही चिकटवता येईल.

हे फक्त ऑगमेंटिनपुरतं नाही. इथे त्वचेच्या संसर्गाला सर्रास फ्लुक्लॉक्सॅसिलिन देतात. ३१ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये सात किरकोळ तक्रारींसाठी फार्मसिस्टच औषध देऊ शकतात, आणि चावलेला कीटक चिघळला तर त्यात हेच येतं. तळ्याकाठी फिरणाऱ्या आपल्या मंडळींना तशी वेळ येते. त्यानेही क्वचित कावीळ होते, औषध थांबवल्यावर दोन महिन्यांपर्यंत केव्हाही, आणि तिथेही वाढतं वय आणि दोन आठवड्यांपेक्षा लांबलेला कोर्स हेच धोके. त्याच्या बाबतीतलं जनुक २००९ मध्ये सापडलं. ज्यांच्यात ते आहे त्यांचा धोका सुमारे ऐंशी पट, आणि तरीही अशा हजार माणसांत एखाद-दुसऱ्यालाच होणार!

तरुण वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. भारतातून नुकत्याच आलेल्या, सोळा ते पस्तीस वयाच्या मंडळींना इंग्लंडच्या काही भागांत सुप्त टीबीच्या रक्ततपासणीचं बोलावणं येतं. ती जरूर करून घ्या. तपासणीत काही निघालं तर आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन अशी औषधं काही महिने देतात. टीबीची औषधंही अँटिबायोटिकच, आणि भारतात औषधाने लिव्हर बिघडण्याचं मोठं कारण तीच. बंगळुरूच्या सेंट जॉन्स हॉस्पिटलने २०१० मध्ये छापलेल्या ३१३ रुग्णांच्या आढाव्यात निम्म्याहून अधिक जण टीबीच्या औषधांचे होते. म्हणून ती औषधं घेऊ नयेत असं मुळीच नाही. टीबी फार वाईट. पण घेताना रक्ताच्या तपासण्या चुकवू नयेत. रिफॅम्पिसिनने लघवी तशीही केशरी होते, त्यामुळे नुसत्या रंगावर जाता येत नाही. भूक मेली, मळमळ सुरू झाली, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी क्लिनिकला फोन.

आणि काढा. हे लिहिताना आई वाचेल याची कल्पना आहे. गुळवेल आपल्याकडे कोविडच्या काळात घरोघर उकळली. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या लिव्हरच्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिला हरकत घेतली. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक हॉस्पिटलांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती छापली. वाद मिटला आहे असं मी म्हणत नाही. पण लिव्हर आधीच रुसलेलं असताना त्याच्यावर आणखी काही ओतू नये एवढं समजायला आयुर्वेदाची किंवा ॲलोपॅथीची बाजू घ्यावी लागत नाही. आम्ही जीपींना काढ्याबद्दल दुसऱ्या भेटीत सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. फक्त लिहून घेतलं आणि थांबवायला सांगितलं. पहिल्या भेटीत सांगितलं असतं तरी रागावल्या नसत्या.

बाबांना वेगळं औषध काही द्यावं लागलं नाही. खाजेसाठी थोडं, बाकी वाट पाहणं. दर आठवड्याला रक्त, १४०, १५२, ११८, ७०, असे आकडे मी एका तक्त्यात भरत गेलो. बहुतेक लोक असेच एक ते चार महिन्यांत पूर्ण बरे होतात. फार थोड्यांना हॉस्पिटल लागतं, आणि क्वचित कोणी दगावतंही. ऑगस्टच्या मध्यावर बिलिरुबिन नॉर्मलला आलं. बाबा पुन्हा रेडवेवर दिसू लागले. विम्याने सोनोग्राफीचे पैसे दिले नाहीत, ते प्रकरण अजून पत्रव्यवहारात आहे आणि त्यावर लिहायला वेगळा लेख लागेल.

डॉक्टरबाईंनी बाबांसाठी एक पत्र दिलं: को-अमॉक्सिक्लाव्हमुळे कावीळ, हे औषध पुन्हा कधीही देऊ नये. दुसऱ्यांदा दिलं तर इजा जास्त लवकर आणि जास्त तीव्र होऊ शकते. शिवाय आम्ही यलो कार्ड भरलं. थॅलिडोमाइडच्या दुर्घटनेनंतर १९६४ मध्ये ही योजना ब्रिटनमध्ये सुरू झाली. पूर्वी फक्त डॉक्टर वगैरेच भरू शकत, २००५ पासून रुग्ण किंवा नातेवाईकही भरू शकतात. पंधरा मिनिटं लागतात. भारतातही २०१० पासून तशी योजना आहे आणि १८००-१८०-३०२४ हा तिचा मोफत क्रमांक आहे. आपल्या लोकांच्या नोंदी या दप्तरांत फार कमी जात असणार असा माझा अंदाज आहे, कारण आपण 'बरं झालं ना, सोडून दे' म्हणणारे.

आमचा 'दवाखाना' आम्ही रिकामा केला. उरलेल्या गोळ्या बिनमध्ये किंवा सिंकमध्ये टाकायच्या नसतात. कुठल्याही फार्मसीत परत घेतात, प्रश्न विचारत नाहीत. त्या काऊंटरवर मी श्रीखंडाचा डबा उपडा केला तेव्हा पलीकडच्या मुलाने एक स्ट्रिप उचलून तारीख बघितली. २०१७. मला शरमल्यासारखं झालं. आता फ्रिजवर एक कागद आहे. घरात कोणीही कुठलीही गोळी, काढा, चूर्ण घेतलं की त्यावर तारीख, मूळ नाव आणि किती दिवस हे लिहायचं. कंपनीचं नाव नाही, मूळ नाव, कारण इथल्या डॉक्टरला मॉक्सिकाइंड म्हणजे काय ते कळत नाही. सौ. त्याला 'लॉग फाइल' म्हणून चिडवते. चिडवू दे. पाहुण्यांनाही तो नियम लागू आहे. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी इसबगोल लिहिलं.

सप्टेंबरात आईबाबा चिंचवडला परतले आणि महिन्याभरात ती दाढ पुन्हा दुखली. बाबांनी या वेळी ती काढून टाकली. डेंटिस्टला पत्र दाखवलं, त्याने केसपेपरवर लाल शाईने लिहिलं. परतताना बाबा फक्त दुखण्याची गोळी घ्यायला नेहमीच्या दुकानात थांबले आणि उत्साहाने तिथेही ते पत्र दाखवलं. दुकानदाराने ते अर्धवट वाचलं आणि म्हणाला, "ऑगमेंटिन चालत नाही होय काका? मग अ‍ॅझिथ्रल देऊन ठेवू का?"

बाबा म्हणाले, "चिठ्ठी नाही माझ्याकडे."